बँकेत सहा लाख दिसतात, पण त्यातले आपले किती?

प्रश्न : आमचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीकडून कास्टिंग (ओतीव भाग) आणि बाजारातून धातूचे बार घेतो, मशीनिंग करून दोन मोठ्या कंपन्यांना देतो. जुने अकाउंटंट एप्रिलमध्ये सोडून गेले, तेव्हापासून ऑफिस मी बघते. मी आर्ट्सची, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आत्ता शिकतेय. परवा सीसी (कॅश क्रेडिट, धंद्यासाठी लागेल तसं काढायचं बँकेचं कर्ज) लिमिटसाठी बँकेत गेलो, तर साहेबांनी विचारलं, "अकाउंट्स पेएबल किती?" हे म्हणाले, "शून्य. आमच्यावर कर्जच नाही." घरी येऊन मी टॅली उघडली तर संड्री क्रेडिटर्समध्ये ११,४०,०००! हे म्हणतात, ती पार्ट्यांची उधारी, फिरतीच असते. खात्यात ६,२०,००० पडलेत, त्यातले चार लाख डाउन पेमेंट भरून टेम्पो घेऊ. सासूबाई म्हणतात, दुसऱ्याचा पैसा घरात ठेवू नये, आधी सगळ्यांचं भागवा. येणी १४,८०,००० आहेत. मोठी कंपनी ६० दिवसांनी पैसे देते, तिचे पाच लाख महिनाअखेरीस येतील असं वाटतं. वर्षाची खरेदी जीएसटीसकट ९५ लाखांच्या घरात. १० जुलैच्या यादीची प्रिंट आणि बिलांचे फोटो जोडले आहेत. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, कोल्हापूर

ताई, नमस्कार.

बँकेत दिलेलं उत्तर चुकलं, पण असं उत्तर देणारे तुमचे यजमान एकटे नाहीत. कर्ज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बँक, हप्ता आणि तारण येतं. पार्टीकडून माल उधार आणला तर तो नुसता 'व्यवहार'. बँकेचा माणूस मात्र नेमकं त्या व्यवहाराबद्दलच विचारत होता.

माल किंवा काम तुमच्याकडे पोचलं, तुम्ही ते ठेवून घेतलं, पण पैसे अजून गेलेले नाहीत, अशा सगळ्या बिलांची बेरीज म्हणजे अकाउंट्स पेएबल. टॅलीत ते संड्री क्रेडिटर्समध्ये दिसतं. त्याला व्याज नाही, हप्ता नाही, कुणी जामीन मागत नाही, म्हणून ते टोचत नाही. ताळेबंदात मात्र ते देण्यांच्याच बाजूला बसतं, बँकेच्या कर्जाच्या शेजारी.

तुमचंच एक बिल घेऊ. २७ जूनला फाउंड्रीचं २,५०,००० चं बिल आलं. त्या दिवशी टॅलीत खरेदी आणि जीएसटीचं इनपुट (खरेदीवर दिलेला, आपल्या जीएसटीतून वजा मिळणारा कर) नावे पडलं, फाउंड्री जमा झाली. बँकेतून रुपया हलला नाही. ऑगस्टमध्ये पैसे द्याल तेव्हा फाउंड्री नावे आणि बँक जमा. खरेदी जूनमध्येच लागून गेलेली असल्यामुळे त्या दिवशी नफ्यात काहीही फरक पडणार नाही, फक्त खात्यातून अडीच लाख जातील. तोपर्यंतचे जे काही ४०-४५ दिवस आहेत, त्या दिवसांत ते अडीच लाख तुमच्या खात्यात दिसतात आणि तुमचे नसतात. टेम्पोचं डाउन पेमेंट यजमान ज्या पैशांतून भरायला निघालेत, ते बरेचसे हेच.

आता यादी. तुम्ही प्रिंट पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण ११,४०,००० हा आकडा तसाच बँकेला दिला असतात तर तोही चुकलाच असता.

सगळ्यात खाली एका पार्टीपुढे वजा ८५,००० दिसतात. ते देणं नाही, येणं आहे. बारसाठी ॲडव्हान्स दिलाय आणि माल अजून आलेला नाही. टॅलीनं तो बाकीच्यांच्या देण्यातून वजा करून बेरीज केली. म्हणजे प्रत्यक्षात लोकांचं तुमच्याकडे निघतं १२,२५,०००. एकाला दिलेला ॲडव्हान्स दुसऱ्याच्या बिलाला उपयोगी पडत नाही, म्हणून तो कायम वेगळा धरायचा.

मग फाउंड्री. तिच्या खात्यावर ९ मेचं १,५०,०००, ६ जूनचं २,१०,००० आणि २७ जूनचं २,५०,००० अशी तीन बिलं उघडी दिसतात, आणि खाली 'ऑन अकाउंट' म्हणून १,५०,००० वजा. हे दीड लाख म्हणजे मेच्या बिलाचंच पेमेंट आहे, रक्कम जुळते. एंट्री करताना बिल निवडलं गेलं नाही, एवढंच. पेमेंट व्हाउचर उघडा, 'ऑन अकाउंट'च्या जागी 'अगेन्स्ट रेफ' निवडा आणि ९ मेचं बिल लावा. बेरीज बदलणार नाही, ४,६०,०००च राहील, पण दोन महिने थकलेलं म्हणून दिसणारं एक बिल यादीतून जाईल. क्रेडिटर्सची यादी वाचायची ती तारखांनी, आणि ऑन अकाउंटवाल्या एंट्र्या सगळ्यात आधी त्या तारखांचाच घोळ करतात.

त्याच पानाच्या कडेला तुम्ही पेन्सिलीनं लिहिलंय, 'ब्लो होल, २२,००० चा माल परत' (ब्लो होल म्हणजे कास्टिंगमधली हवेची पोकळी). परत गेलेला माल टॅलीत कुठेच नाही. फाउंड्रीकडून क्रेडिट नोट (बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद) मागून घ्या. ती जीएसटी पोर्टलवर तुमच्या जीएसटीआर-२बीत (पुरवठादारांनी नोंदवलेल्या बिलांच्या यादीत) दिसली पाहिजे. ६ जूनच्या बिलातून २२,००० कमी करूनच पैसे द्या. हे आत्ता केलं नाही, तर दिवाळीत फाउंड्रीचा माणूस म्हणेल, कसली रिजेक्शन, आणि सांगायला तुमच्याकडे पेन्सिलीची ओळ तेवढी असेल.

टूल्सच्या दुकानाचे १,३८,००० मला जास्त वाटतात. ३८,००० ची एकच रक्कम दोनदा आहे, चार दिवसांच्या अंतरानं. एकीपुढे चलनाचा (मालासोबत येणाऱ्या पावतीचा) नंबर, दुसरीपुढे बिलाचा. बहुधा माल आला तेव्हा चलनावरून एक एंट्री झाली आणि बिल आलं तेव्हा दुसरी. २बीत बघा, तिथे ते एकदाच असणार. दुकानदाराकडून त्याचा लेजर (त्याच्या वहीतला तुमचा खातेउतारा) व्हॉट्सॲपवर मागवा, पाच मिनिटांत उलगडा होईल. इनपुटही दोनदा घेतलं गेलं असेल तर ते सीएंना सांगून उलटवायला लागेल. तुम्ही यादी उघडली म्हणून हे सापडलं, नाहीतर ३८,००० दुसऱ्यांदा गेले असते. आणि दुकानदारांचा अनुभव विचाराल तर, जास्तीचे आलेले पैसे कुणी आपणहून फोन करून परत देत नाही.

यजमान फोनवरच ऑर्डर देतात असं दिसतंय. द्या म्हणावं, पण नग आणि रेट मेसेजवर तुम्हालाही टाका. बिल आलं की तीन गोष्टी शेजारी ठेवायच्या : तो मेसेज, गेटवर सही झालेलं चलन आणि बिल. तिन्ही जुळल्याशिवाय पेमेंट नाही. मोठ्या कंपन्यांत यासाठी अख्खा विभाग असतो. तुमच्याकडे तुम्ही आहात, आणि पंचवीस-तीस बिलांना ते पुरे.

दोन वर्षांपूर्वीचे एकाचे ४०,००० अजून उभे आहेत. वाद होता की विसरलं गेलं, हे यजमानांनाच माहीत. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट व्याजासकट परत करावं लागतं, आणि पैसे दिल्यावर पुन्हा घेता येतं. १८ टक्क्यांनी धरलं तर या ४०,००० त सहा हजारांच्या आसपास जीएसटी आहे. देणं खरं असेल तर देऊन टाका. खरं नसेल तर ते राइट बॅक करा, म्हणजे देण्यांतून काढून टाका, पण मग ती रक्कम उत्पन्नात धरली जाते. वर्षानुवर्षं तसंच ठेवणं हा तिसरा पर्याय बरेच जण निवडतात. ऑडिटच्या वेळी तो सगळ्यात वाईट ठरतो.

तर दुरुस्त आकडा असा : १२,२५,००० मधून क्रेडिट नोटचे २२,००० आणि डबल एंट्रीचे ३८,००० गेले, राहिले ११,६५,०००.

आता यजमानांच्या टेम्पोकडे येऊ. या ११,६५,००० मधलं जुलैत काय द्यायचंय ते बघा. हार्डनिंगवाल्याचे (भट्टीत भाग कडक करून देणाऱ्याचे) ९६,००० आजच द्यायला हवेत, का ते पुढे सांगते. बारच्या व्यापाऱ्याचे २,७५,०००, बिल ४ जुलैचं. त्याच्या बिलावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'दहा दिवसांत २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवस'. म्हणजे १४ तारखेपर्यंत दिले तर २,६९,५००. फाउंड्रीचं ६ जूनचं बिल २१ जुलैच्या आत, २२,००० वजा करून १,८८,०००. ट्रान्सपोर्टचे ६०,००० महिनाअखेरीस. एकूण ६,१३,५००. खात्यात ६,२०,०००.

साडेसहा हजार उरतात, ताई. पगार, लाइट बिल आणि २० तारखेचा जीएसटी यात धरलेलाच नाही. ही ओळ कागदावर लिहून यजमानांपुढे ठेवा, वाद घालायची गरज पडणार नाही. ऑगस्टमध्ये फाउंड्रीचे अडीच लाख, टूल्सचे एक लाख आणि किरकोळ पार्ट्यांचे १,५६,००० असे आणखी ५,०६,००० उभे आहेत. मोठ्या कंपनीचे पाच लाख आले की ते तिथेच जातील. टेम्पो वाईट नाही, पण त्याचं डाउन पेमेंट फाउंड्रीच्या पैशांतून भरायचं आणि मग फाउंड्रीचा फोन आला की 'साहेब बाहेर गेलेत' म्हणायचं, हे नको. सप्टेंबरमध्ये हीच यादी पुन्हा काढा आणि तेव्हा ठरवा.

त्या सूटीबद्दल दोन शब्द, कारण ५,५०० रुपये ऐकायला किरकोळ वाटतात. २० दिवस आधी पैसे दिल्याबद्दल ९८ रुपयांवर २ रुपये सुटतात. वर्षाच्या हिशेबानं तो दर ३७ टक्क्यांच्या वर जातो. खात्यात नुसता पडलेला पैसा इतकं कुठेच कमवत नाही आणि बँकेची सीसीही इतकी महाग नसते. म्हणून जमेल तेव्हा ही सूट घ्यावी. पण त्यामुळे पगार अडणार असेल तर सोडून द्या, व्यापाऱ्याला ३ ऑगस्टला पूर्ण पैसे मिळाले तरी तो नाराज होणार नाही. ५,५०० साठी कामगारांना 'पुढच्या आठवड्यात' म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सासूबाईंचं म्हणणं मनाला पटतं. त्यांनी सावकारीचे दिवस बघितले असतील. पण पार्टीनं ४५ दिवस बिनव्याजी दिले असताना दहाव्या दिवशीच पैसे देऊन टाकायचे आणि मग पगारासाठी सीसीतून व्याजानं काढायचे, यात कुणाचंच भलं नाही. तुमचा हिशेब दिवसांत मांडून बघा. ११,६५,००० ला ९५ लाखांनी भागून ३६५ नं गुणलं की जवळपास ४५ येतात. तुम्ही पार्ट्यांना साधारण ४५ दिवसांनी देता, मोठी कंपनी तुम्हाला ६० दिवसांनी देते. मधले १५ दिवस तुमच्या खिशातून चालतात, आणि म्हणूनच सीसी लागते. सगळी देणी आज फेडली तर हे १५ दिवस थेट ६० होतील. तेव्हा सासूबाईंना सांगा, कुणाचं बुडवायचं नाही, उशीर करायचा नाही, पण ठरल्या तारखेच्या आधीही घाई करायची नाही. सूट असेल तेवढीच वेगळी गोष्ट.

याला एक अपवाद आहे, तो म्हणजे हार्डनिंगवाला. त्याची दोन बिलं आहेत, २० मेचं ४४,००० आणि १८ जूनचं ५२,०००. दोन्हींवर उद्यम नंबर (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) छापलाय आणि तुमचा त्याच्याशी लेखी करार नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो की लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. करार असेल तर त्यातली मुदत, पण जास्तीत जास्त ४५ दिवस. दिवस मोजायचे ते माल किंवा काम स्वीकारल्यापासून. या हिशेबानं त्याची दोन्ही बिलं केव्हाच थकली. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं आणि ते व्याज आयकरात खर्च म्हणूनही मिळत नाही.

वर आयकराची वेगळी तरतूद आहे. २०२३ च्या वित्त कायद्यानं ४३बी कलमात (एच) घातला, तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला, आणि २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद ठेवली आहे, कलमाचा क्रमांक तेवढा बदलला. अशा उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही आणि ३१ मार्चलाही थकलेलंच राहिलं, तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही. पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. म्हणजे न मिळालेल्या नफ्यावर कर. मार्च महिन्यात सगळ्या एमआयडीसीत जी पेमेंटची धावपळ असते, त्यामागे हेही एक कारण असतं. ही तरतूद सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरती आहे, मध्यम उद्योगांना नाही; आणि बारचा तुमचा व्यापारी नुसती खरेदी-विक्री करतो, त्यामुळे त्याच्याकडे उद्यम नंबर असला तरी त्याला ती लागू होत नाही. फाउंड्री उत्पादक आहे. तिचा उद्यम दाखला मागून घ्या आणि ४५ दिवसांची मुदत लेखी करून घ्या, पर्चेस ऑर्डरवर छापून दोघांच्या सह्या झाल्या तरी चालतील. ते होईपर्यंत तिलाही १५ दिवसच लागू आहेत, असं धरून चाला. तसं बघता जूनचं पहिलं बिल २१ पर्यंत थांबवण्यापेक्षा आधी देता आलं तर द्या.

पण कायद्याच्याही आधीची गोष्ट ही की, हार्डनिंगवाला भट्टी पेटवतो ती रोखीनं घेतलेल्या गॅसवर किंवा विजेवर. आपल्या यादीतला सगळ्यात लहान माणूस सगळ्यात शेवटी ठेवायची सवय बहुतेक कारखान्यांत असते, कारण तो ओरडत नाही. तुम्ही ती मोडा.

आणि हाच कायदा तुमच्या बाजूनंही आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटींची गुंतवणूक आणि दहा कोटींची उलाढाल अशी आहे, तुम्ही त्यात सहज बसता. मोठी कंपनी ६० दिवस म्हणते, पण करारात लिहिलं तरी कायदा ४५ च्या पुढे मानत नाही. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पण दोनच ग्राहक असताना मी ते एकदम सुचवणार नाही. आपल्या बिलावर उद्यम नंबर ठळक छापायला लागा. मार्च जवळ आला की त्यांचाच अकाउंट्स विभाग तुमचं बिल वर काढेल.

किरकोळ दोन गोष्टी. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात नाकारला जातो, त्यामुळे पॅकिंगवाल्यालाही बँकेतूनच द्या. आणि 'आमचं खातं बदललंय, यापुढे या नंबरवर पाठवा' असा मेसेज कुठल्याही पार्टीकडून आला, तर तुमच्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

शेवटी बँक. साहेबांनी देणी विचारली ती उगाच नाही. सीसीत पैसे काढायची मर्यादा ठरवताना बँक तुमच्या स्टॉकमधून क्रेडिटर्स वजा करते, कारण ज्या मालाचे पैसेच दिलेले नाहीत त्यावर ती उधार देत नाही. समजा स्टॉक १६ लाखांचा आहे आणि मार्जिन (ज्या हिश्शावर बँक कर्ज देत नाही तो) २५ टक्के. देणी शून्य दाखवली तर स्टॉकवर १२ लाख निघतात. ११,६५,००० वजा केल्यावर उरलेल्या ४,३५,००० वर निघतात ३,२६,२५०. येण्यांवर मिळेल ते वेगळं. शून्य सांगितल्यावर यजमानांना लिमिट मोठी दिसेल हे खरं, पण वर्षअखेरीला ताळेबंद हातात आला की बँकेला फरक दिसतो, आणि खोटं स्टॉक स्टेटमेंट दिलं असा शिक्का बसला की पुढची लिमिट वाढवून घेणं जड जातं.

म्हणून सोमवारी बँकेत जा आणि दुरुस्त यादी द्या. पेएबलच्या रकान्यात ११,६५,०००, पार्टीवार आणि बिलाच्या तारखांसकट. ॲडव्हान्सचे ८५,००० वेगळ्या ओळीत, येण्यांच्या बाजूला. ४०,००० वाल्या जुन्या पार्टीपुढे 'तपासणी चालू' असं लिहा. पगार, लाइट बिल आणि भरायचा जीएसटी यांच्यासाठी फॉर्ममध्ये दुसरा रकाना असतो, ते यात मिसळू नका. आणि घरातल्या कुणाकडून हातउसने घेतले असतील तर तेही तिसऱ्याच रकान्यात जातात. जाण्याआधी सासूबाईंना एकदा विचारून घ्या.